तळघरात पाणी येतंय? आतली भिंत फोडण्याआधी बाहेर बघा

नाशिकमध्ये तळघरात पाणी आलं की पहिला फोन केमिकलवाल्याला जातो. तो येतो, आतल्या भिंतीचा गिलावा फोडतो, दोन हात मारतो, दहा वर्षांची गॅरंटी छापील कागदावर लिहून देतो. पुढच्या ऑगस्टला पाणी त्या भिंतीतून येत नाही, शेजारच्या कोपऱ्यातून येतं. केमिकल वाईट असतं असं नाही. क्रम चुकलेला असतो. आधी पाण्याला बाहेरच्या बाहेर वाट द्यायची आणि मग जे उरेल त्याच्यासाठी भिंत बंद करायची, एवढा एक क्रम पाळला तर निम्मी तळघरं केमिकलचा डबा न उघडताच कोरडी होतात.

असं का, ते आपल्या जमिनीत आहे. नाशिकच्या बऱ्याच भागात वर काही फूट काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरला बंगल्याचं तळघर काढायचं म्हणजे जेसीबीनं मुरूम काढायचा आणि ब्रेकरनं खडक फोडायचा. खड्डा भिंतीपेक्षा दोन-तीन फूट मोठा काढावाच लागतो, कारण शटरिंग लावायला माणूस उभा राहिला पाहिजे. भिंत झाली की ती फट भरतात. कशानं? साइटवर जे पडलेलं असेल त्यानं: विटांचे तुकडे, फळ्यांचे ढलपे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, वर काळी माती. पाऊस या भुसभुशीत भरावात सहज उतरतो आणि बाजूच्या मुरूम-खडकातून त्याला लवकर निसटता येत नाही. म्हणजे आपण विहीर खोदली आणि तिच्यात घर उभं केलं. बाहेर मीटरभर पाणी साठलं, तर तळाशी दर चौरस मीटरला एक टन दाब भिंतीवर येतो. त्या दाबापुढे आतून लावलेला रंग काय करणार?

काळ्या मातीची आणखी एक खोड आहे. उन्हाळ्यात ती आकसते, भिंतीपासून सुटते आणि बोटभर रुंद भेगा पडतात. जूनचा पहिला जोरदार पाऊस त्या भेगांतून थेट पायापर्यंत जातो. नंतर माती फुगून भेगा मिटतात. म्हणून काही घरांत पाणी फक्त पहिल्या दोन-तीन पावसांत येतं आणि लोक म्हणतात, यंदा आपोआप थांबलं.

हे पाणी नेमकं कुठलं?

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि सगळ्यात महत्त्वाची आहे. पाणी कधी येतं ते कॅलेंडरवर लिहायला लागा. पाऊस सुरू झाल्यावर तासाभरात आलं आणि पाऊस थांबल्यावर थांबलं, तर ते वरचं पाणी: गच्चीचा पाईप, रॅम्प, खिडकी, अंगणाचा उतार. मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी सुरू होऊन उघडीप पडली तरी चालूच राहिलं, तर तो जमिनीतला पाझर. बारा महिने सारखंच असेल तर पाईप, टाकी किंवा ड्रेनेज. आणि मखमलाबादच्या बाजूला पाटालगत घर असेल, भर फेब्रुवारीत ओल येऊन काही दिवसांनी जात असेल, तर पाटाला आवर्तन कधी सुटलं होतं त्याच्या तारखा शेजारी लिहून बघा. उत्तर बहुतेक तिथेच सापडतं.

मग चाचण्या. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉईलचा हातभर तुकडा ओलसर भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. फॉईलच्या मागे थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. फॉईलच्या वर, खोलीच्या बाजूला थेंब आले तर तो हवेतला दमटपणा थंड भिंतीवर जमतोय. त्यासाठी भिंत फोडायची गरज नाही, ते पुढे सांगतो.

पाईपसाठी: रात्री घरातले सगळे नळ बंद करा, पालिकेच्या मीटरचा आकडा लिहा, सकाळी पुन्हा बघा. जमिनीखालच्या टाकीसाठी: टाकी भरा, आत येणारा आणि बाहेर जाणारा दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, पाण्याच्या पातळीवर पेन्सिलनं खूण करा, दुसऱ्या दिवशी मोजा. आपल्याकडे बंगल्यांत पाण्याची टाकी आणि तळघर यांची एक भिंत सामायिक असणं फार दिसतं. जागा वाचते, पण टाकीला बारीक चीर गेली की बारा महिन्यांचं दुखणं. ड्रेनेजचा संशय असेल तर नहाणीच्या जाळीत खायचा लाल रंग कालवलेलं बादलीभर पाणी ओता आणि खाली वाट बघा.

पावसाच्या पाण्यासाठी नळीची चाचणी करायची. दोन माणसं हवीत. एक वर बागेची नळी घेऊन, दुसरा तळघरात बॅटरी घेऊन. आधी जमिनीलगत, मग जोत्याच्या सांध्यावर, मग खिडकीच्या उंबऱ्यावर, असं खालून वर जायचं आणि प्रत्येक जागी निदान अर्धा तास पाणी सोडायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. वरचा दर पाच मिनिटांनी ओरडतो, "आलं का?" खालचा म्हणतो, "नाही अजून." आणि अचानक, "थांबा, थांबा, पायपाच्या बुडातून टिपकतंय!" त्या क्षणी त्या जागेभोवती खडूनं गोल करायचा. माझ्या पाहण्यात हा गोल भिंतीच्या मधोमध क्वचितच निघतो. तो निघतो भिंत-फरशीच्या सांध्यात, पाईप जिथून भिंतीत शिरतो तिथे किंवा शटरिंगच्या टाय रॉडच्या (दोन्ही बाजूंच्या फळ्या बांधून ठेवणाऱ्या सळीच्या) भोकात.

गच्चीचं पाणी लांब न्या

हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की सुमारे २,३६० लिटर पाणी जमतं. गच्चीला चार पाईप असतील तर प्रत्येकी जवळजवळ सहाशे लिटर. तो पाईप भिंतीच्या बुडाशी उघडा सोडलेला असेल तर हे सगळं त्या भुसभुशीत भरावात जातं. पावसात छत्री घेऊन घराला एक फेरी मारा, प्रत्येक पाईपचं तोंड बघा. तिथे माती खचलेली, खड्डा पडलेला दिसला तर खालची ओल बहुधा त्याच कोपऱ्यात असते.

उपाय साधा आहे. पाईपला बेंड लावून पाणी चेंबरमध्ये घ्यायचं आणि बंद पाईपनं घरापासून निदान दहा फूट लांब, पावसाळी गटारीत किंवा शोषखड्ड्यात सोडायचं. शोषखड्ड्याबद्दल एक कळकळीची गोष्ट: पावसाचं पाणी जिरवणं चांगलंच, पण तळघराच्या भिंतीला चिकटून तीन-चार फुटांवर शोषखड्डा घेतलेली घरं मी पाहिली आहेत. एका हातानं पाणी जिरवायचं आणि दुसऱ्या हातानं पंपानं उपसायचं, असा तो उद्योग. खड्डा प्लॉटच्या उताराच्या बाजूला, दूरच्या कोपऱ्यात घ्या.

जोत्याभोवती उतार आणि दरवाजाशी रस्ता

घराभोवतीची जमीन भिंतीकडून बाहेर उतरली पाहिजे, पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार मिळाला तर उत्तम. घर आणि कुंपण यांच्यात पाच फुटांचंच साइड मार्जिन असेल तिथे तीन इंच. भिंतीलगत तीन फूट रुंद फरसबंदी करा, खाली सोलिंग (दगडांचा ठोकून बसवलेला थर) आणि बाहेरच्या कडेला दीड इंच उतार. फरसबंदी आणि भिंत यांच्या सांध्यात नुसतं सिमेंट भरू नका. काळी माती हलली की ते सुटतं. अर्धा इंच खाच ठेवून तिच्यात लवचिक सीलंट भरा, दर दोन-तीन उन्हाळ्यांनी तपासा.

भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा असेल तर हलवा. वाफ्याला विटांची कड असते, रोज पाणी घातलं जातं आणि ते कुठेच जात नाही. जास्वंद कुंपणालाही छान येते.

रस्त्याचं दुखणं आपल्या हातातलं नाही, पण बंदोबस्त आपल्या हातात आहे. डांबराचे थरावर थर पडून आणि मग काँक्रिटीकरण होऊन कितीतरी कॉलन्यांत रस्ता प्लॉटपेक्षा वर गेला आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्या गेटमधून पाणी बाहेर जायचं, त्यातून ते आता आत येतं. तळघरात पार्किंगचा रॅम्प असेल तर तीन गोष्टी करा. रॅम्प सुरू होण्याआधी रस्त्याच्या पातळीच्या वर सहा ते नऊ इंच उंचवटा घ्या, गाडीचं पोट घासणार नाही असा लांब चढ-उतार देऊन. उंचवट्याच्या बाहेर आडवी जाळीची गटार. आणि रॅम्पच्या पायथ्याशी दुसरी जाळीची गटार, जिचं पाणी पंपाच्या खड्ड्यात जाईल. रॅम्पवर थेट पडणारा पाऊस लोक विसरतात. पत्र्याचं छप्पर टाकलं तर तेवढं पाणी वाचतं.

एवढं करून एक पावसाळा थांबायची तयारी असेल तर थांबा. पाणी तरीही आलं तर पुढचं वाचा.

भिंतीबाहेर चर

जमिनीतल्या पाझराला बाहेरच पकडायचं तर भिंतीलगत चर खणून भोकांचा पाईप टाकावा लागतो. काम एप्रिल-मेमध्येच. चर तळघराच्या फरशीच्या पातळीखाली जायला हवा, पण पायाच्या बुडाच्या खाली अजिबात नाही, पाया उघडा पडता कामा नये. एका वेळी पाच-सहा फूट लांबीचा तुकडा खणा, भरा, मग पुढचा. माणूस उभा राहून डोक्यावर जाईल इतक्या खोल चरात टेकू न लावता कोणालाही उतरवू नका. भरावाची माती ढासळायला सेकंद लागतो.

चराच्या तळाला शंभर फुटांना एक फूट उतार. आत जिओटेक्स्टाईल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं) अंथरायचं, त्यावर तीन-चार इंच धुतलेली खडी, मग भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाईप. भोकं खालच्या बाजूला. गवंडी हमखास वर करतो, कारण वरून पाणी आत पडेल असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात पाणी खालून चढतं, भोकं खाली असली की ते कमी उंचीवरच पाईपात शिरतं आणि वाहून जातं. पाईपवर फूट-दीड फूट खडी, मग कापडाची घडी वरून मिटायची, म्हणजे काळ्या मातीचा गाळ आत जाणार नाही. वर मुरूम, सहा-सहा इंचांच्या थरांनी, धुम्मस मारून. शेवटचा फूटभर थर घट्ट मातीचा, म्हणजे वरचं पाणी सरळ चरात उतरणार नाही. प्रत्येक कोपऱ्यावर उभा पाईप वर काढून टोपण लावा. पुढे पाईप तुंबला तर तिथून पाण्याचा जोर मारून साफ करता येतो.

शेजाऱ्याचं कुंपण अगदी जवळ असेल तर बाहेर खणणं शक्य नसतं. मग हाच चर आतून करायचा: भिंतीलगतची फूटभर फरशी कापायची, चर घ्यायचा, पाईप, खडी, आणि सगळं पाणी एका कोपऱ्यातल्या खड्ड्यात. पाणी आत येतं पण चालायच्या जागेवर येत नाही. जुन्या बंगल्यांसाठी मला हा मार्ग बहुतेक वेळा जास्त शहाणपणाचा वाटतो.

खड्डा आणि पंप

तळघराच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फूट, तीन फूट खोल खड्डा, वर जाळी. पंप केवढा घ्यायचा ते दुकानदाराला विचारू नका, खड्ड्याला विचारा. ऐन पाझराच्या दिवशी खड्डा उपसा आणि पाणी कसं चढतं ते घड्याळ लावून बघा. या मापाच्या खड्ड्यात पाणी एक इंच चढलं म्हणजे साधारण साडेनऊ लिटर आलं. मिनिटाला एक इंच म्हणजे तासाला साडेपाचशे लिटर. अर्ध्या हॉर्सपॉवरचा सबमर्सिबल पंप एका मजल्याच्या उंचीला हे आरामात उचलतो.

पंपाला फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा) हवाच, आणि बाहेर जाणाऱ्या पाईपवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, नाहीतर पंप थांबला की पाईपातलं पाणी पुन्हा खाली. हे पाणी ड्रेनेजच्या चेंबरला जोडू नका. पावसात ड्रेनेज लाईन भरते, आणि मग उलटं काय येईल ते सांगायला नको.

ज्या रात्री धो धो पाऊस त्याच रात्री वीज जाते. घरातल्या छोट्या इन्व्हर्टरवर पंप चालेल असं गृहीत धरू नका. मोटर सुरू होताना चालत्या लोडच्या कित्येक पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर बंद पडतो. इलेक्ट्रिशियनला पंपाची पाटी दाखवून त्याप्रमाणे इन्व्हर्टर घ्या, आणि मे महिन्यात मेन स्विच बंद करून, खड्ड्यात बादल्या ओतून, एकदा प्रत्यक्ष चालवून बघा. पंपाचा बोर्ड फरशीपासून चार-पाच फूट वर.

आता भिंत

घर अजून बांधायचं असेल तर तुम्ही नशीबवान. शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे: तळाच्या काँक्रीटखाली आणि भिंतीच्या बाहेरून शहाबादी, मागे सिमेंटची रबडी भरून. नीट केलं तर आजही ते उत्तम, फक्त सांधे न भरता उरकणारे लोक जास्त आहेत. मेम्ब्रेन (भिंतीला बाहेरून चिकटवायचा जलरोधक पडदा) करणार असाल तर भराव टाकण्याआधी तिच्यावर संरक्षक थर हवा, कारण एक टोकदार दगड पुरतो. आणि तळाचा स्लॅब व भिंत जिथे मिळतात त्या सांध्यात पीव्हीसी वॉटरस्टॉप, म्हणजे काँक्रीटमध्ये रुतवायची पाणी अडवणारी पट्टी. काँक्रीट ओतायच्या दिवशी तिथे स्वतः उभे राहा. तो वाकडा झाला, तारेनं बांधला नाही, की पुढची सगळी वर्षं त्या सांध्याची.

बांधलेल्या घरात आतून करायचं असेल तर वाहत्या चिरेला पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शन. चिरेच्या दोन्ही बाजूंनी आलटून पालटून, सहा-आठ इंचांवर, तिरपी भोकं पाडतात, जेणेकरून भोक भिंतीच्या आत चिरेला छेदेल. भोकांत पॅकर (इंजेक्शनची छोटी नळकांडी) बसवतात आणि खालून वर पंप करत जातात. वरच्या पॅकरमधून फेस बाहेर आला की खालचा भरला. कोरड्या, न हलणाऱ्या चिरेला इपॉक्सी. कारागीर चिरेवरच सरळ भोकं पाडू लागला तर त्याला थांबवा.

ओलसर भिंतीसाठी: लोणा लागलेला गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढा. पांढरे क्षार कोरड्या तारेच्या ब्रशनं झाडा. धुतलेत तर ते विरघळून पुन्हा भिंतीतच जातात. मग भिंत ओली करून, वर पाणी चमकत नाही अशा अवस्थेत, सिमेंटमध्ये मिसळून लावायच्या क्रिस्टलाइन किंवा पॉलिमर कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. ते फरशीवरही फूटभर वळवा. ऑइल पेंट, पुट्टी, पीओपी, टाईल्स हे ओल झाकण्याचे प्रकार आहेत. मागच्या दाबानं फुगे येतात, सोलून पडतात.

आणि एक सावधगिरी. तळघराची जमीन नुसत्या चार इंची पीसीसीची (सळया नसलेल्या साध्या काँक्रीटची) असेल तर ती घट्ट बंद करण्याआधी खालच्या पाण्याला खड्ड्याकडे जायला वाट आहे ना ते बघा. नाहीतर दाबानं फरशी उचलते.

तळघर नाही, तरी जोत्याखाली पाणी

सिडकोतल्या, सातपूरच्या जुन्या रो-हाऊसना तळघर नसतं, पण जोत्यातला मुरूम बसून फरशीखाली पोकळी होते. काठीनं फरशी वाजवत चला, पोकळ आवाज लगेच कळतो. त्या पोकळीत पाणी न्यायचं काम बहुतेक वेळा घूस करते. फरसबंदीच्या कडेला ताजी उकरलेली माती आणि मूठभर रुंद बीळ दिसलं की समजा, पावसाचं पाणी त्याच वाटेनं आत जातंय. बिळात नुसतं सिमेंट ओतू नका, ती शेजारून दुसरं काढते. आधी ती बाहेर पडलीय याची खात्री करा: बिळात कागदाचा बोळा बसवा, दोन दिवस तो हलला नाही तर बीळ रिकामं. मग मोठी खडी, काचेचे तुकडे आणि काँक्रीट ठासून भरा. जुन्या पाण्याच्या पाईपांची जोत्यातली भोकं बंद करा. पोकळी मोठी असेल तर फरशी उचलून मुरूम पुन्हा ठोकून भरावा लागतो, दुसरा उपाय नाही.

पंचवटी, भद्रकालीतल्या जुन्या वाड्यांचं शास्त्र वेगळं. दगड-चुन्याची भिंत श्वास घेत असते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला की खालची ओल बाहेर न पडता आणखी वर चढते. तिथे चुन्याचाच गिलावा. बंद राहिलेल्या बळदात, पेवात (धान्य साठवायच्या जुन्या जागांत) किंवा तळघरात एकदम उतरू नका. दारं उघडून, पंखा लावून हवा खेळू द्या, वर एक माणूस उभा ठेवा.

फॉईलच्या पुढे थेंब आले असतील तर

जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच दमट असते. तळघराच्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवल्या तर ती हवा आत येऊन थंड भिंतीवर पाणी सोडते. त्या दिवसांत खिडक्या बंद, सामान भिंतीपासून चार बोटं लांब, लाकडी कपाटं विटांवर. खरी हवा खेळवायची ती ऑक्टोबरच्या उन्हात, तेव्हा सगळं सताड उघडा.

पुराचं पाणी

गोदावरी, नासर्डी, वालदेवी किंवा वाघाडीच्या काठाला घर असेल तर वरचं काहीच पुरत नाही. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९ ज्यांनी सराफ बाजारात किंवा रामकुंडाच्या परिसरात पाहिला, त्यांना सांगायला नको. प्लॉट घेतानाच निळी आणि लाल पूररेषा नकाशावर तपासा. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. त्यांच्या आत तळघर नकोच. आधीच असेल तर मीटर, इन्व्हर्टर, कागदपत्रं वरच्या मजल्यावर, आणि गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नदीपात्रातला, पुराचं माप मानला जाणारा दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला याची चर्चा ऐकत न बसता गाड्या बाहेर काढा.

तळघर भरलंच तर आधी मेन स्विच बंद, तोही कोरड्या जागेवर उभं राहून करता येत असेल तरच. नाहीतर वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घ्या. मग उपसायची घाई करू नका. बाहेरची माती पाण्यानं भरलेली असताना आत रिकामं केलं तर बाहेरचा दाब भिंत आत ढकलतो. एक फूट उपसा, खूण करा, दुसऱ्या दिवशी बघा. पाणी पुन्हा चढलं असेल तर थांबा. पेट्रोल-डिझेलचा पंप किंवा जनरेटर तळघरात उतरवू नका, त्याच्या धुरानं माणूस बेशुद्ध पडतो आणि कळतही नाही.

ठेकेदाराशी बोलताना

कोटेशनमध्ये "वॉटरप्रूफिंग, एकूण" अशी एकच ओळ असेल तर परत पाठवा. किती फूट चर, कोणता पाईप, कोणतं कोटिंग, किती हात, किती पॅकर, हे वेगवेगळं लिहून घ्या. चर बुजवण्याआधी, कोटिंगवर गिलावा चढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. आणि काम मेमध्ये संपलं तरी पाव रक्कम हातात ठेवा. भाऊ, राहिलेले पैसे ऑक्टोबरमध्ये, असं पहिल्याच दिवशी सांगायचं आणि कोटेशनवर लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या. ज्याला कामाची खात्री आहे तो थोडी कुरकुर करतो आणि मान्य करतो.